केमिकलचा मामला

माझी मुलगी जन्मली ती मेलेलीच. बाळंतपणासाठी मी अधारतालला माहेरी आले होते. रिकाम्या हातानं तिथेच राहिले आणि हळूहळू अंथरुणातून उठेनाशी झाले. भूक नाही, झोप नाही, आंघोळ नकोशी. आईनं समजावून पाहिलं. शेवटी बाबा मला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टर घाईत होते. डिप्रेशन आहे म्हणाले आणि बाबांकडे वळले, "दिमाग में कुछ केमिकल होते हैं, वही कम हो गए हैं. गोली से ठीक हो जाएगी."

बाबा डॉक्टरवर बेहद्द खूश झाले. उभा जन्म त्यांनी संरक्षण कारखान्याच्या फिलिंग सेक्शनमध्ये काढला होता, तोफगोळ्यांत बारूद भरण्यात. केमिकल त्यांना कळत होतं, मेलेली नात कळत नव्हती. प्रमाण चुकलं की लॉट अडतो, जमलं की पास होतो, एवढंच त्यांचं शास्त्र. मी रडायला लागले की म्हणायचे, "काहून रडून राहिली बेटा? केमिकलचा मामला आहे, डाक्टरनं सांगितलं ना." भेटायला येणाऱ्यांनाही हेच ऐकवायचे. बाळाचा विषयच निघेनासा झाला. त्यांचा सुंठीवाचून खोकला गेला. चेरीतालच्या मावशीनं एकदा बाळाचं काढलं, तर तिच्या हातात चहाचा कप देऊन त्यांनी तिला गप्प केलं. मला इतका राग यायचा की मी दात आवळून पडून राहायचे.

गोळ्यांनी गुण आला, हे नाकारत नाही. काही आठवड्यांनी मी भाकरी मागून घेतली, रविवारी आईबरोबर विहारात वंदनेलाही गेले. बाबांनी मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "चलो, लॉट पास." त्यांच्या कारखान्यात पास झालेला माल पुन्हा कोणी उघडत नसे. उरलेल्या गोळ्या त्यांनी केरात टाकल्या. "भरलं ना आता? जास्त भरलं तर उलटंच होते." आमच्या घरात त्यांच्या शास्त्रापुढे कोण बोलणार? थोड्याच दिवसांत मी पहिल्यापेक्षा खोल गेले.

मग आईनं मला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बरं वाटल्यावरही औषध बरेच महिने चालू ठेवायचं असतं, असं त्यांनी सांगितलं. मेंदू म्हणजे पातळी बघून भरायची टाकी नव्हे, त्यात रसायनं, झोप, दुःख सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. नंतर त्यांनी विचारलं, बाळ कुणासारखं दिसत होतं? हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले.

बरी व्हायला फार काळ लागला. पुढे बाबा रिटायर झाले, आणि मग आई गेली. बाबा जेवेनात, दाढी करेनात, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ते पडून राहणं मला चांगलं ठाऊक होतं. मी त्यांना त्याच बाईंकडे नेलं. त्यांनी बराच वेळ बोलून औषध लिहून दिलं. घरी आल्यावर मी गोळी आणि पाणी पुढे केलं, तर बाबांनी माझा हात बाजूला सारला.

"मला काहून देऊन राहिली हे? केमिकल तुझं कमी झालं होतं, बेटा. माझी तर बायको मेली."