कागद कारखान्याची राहिलेली उत्तरपूजा

टेम्पो भरून झाला, दोऱ्या आवळून झाल्या, आई देव्हारा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली, तरी बाबांचा पत्ता नव्हता. ड्रायव्हर हॉर्न वाजवून कंटाळला. ते कुठे असतील ते मला ठाऊक होतं. क्वार्टर्सच्या मागून कारखान्याकडे जाणाऱ्या वाटेने मी त्यांना आणायला गेले. बंद गेटचे गज धरून बाबा आत बघत उभे होते. मला बघून म्हणाले, "चल बाय. एकदा आत जायला भेटलं असतं तर बरं झालं असतं."

आपट्याजवळच्या कॉलनीतून आम्ही असे निघालो आणि पनवेलला, करंजाड्याच्या दोन खोल्यांत आलो. तुमच्यातले काही आमच्या आधीच गेले होते, काही नंतर गेलात, काही अजून तिथेच आहात. हे तुम्हा सगळ्यांसाठी लिहिते आहे, कारण कॉलनीच्या ग्रुपवर लिहायला बसले की दोन ओळींतच डोळे भरतात आणि मग मी नुसताच नमस्काराचा इमोजी टाकते.

बाबांना आत का जायचं होतं ते जुन्यांना सांगायला नको. पोरासोरांसाठी सांगते. आपला कारखाना कागदाचा. दसऱ्याला सगळी यंत्रं बंद करून, धुऊनपुसून त्यांची पूजा व्हायची आणि त्या एका दिवशी बायकापोरांना आत जायची मुभा असायची. बाबा ड्रायरवर होते, म्हणजे ओला कागद वाळवणाऱ्या तापलेल्या मोठमोठ्या रुळांवर. त्या मशीनला हार घालायचा मान त्यांचा. हार चढला की मशीनला कुणी बोट लावायचं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला, ज्याने हार घातला त्यानेच उत्तरपूजा करायची, निर्माल्य पाताळगंगेत सोडायचं आणि मगच मशीन सुरू करायचं. शेवटच्या वर्षीही दसरा नेहमीसारखा झाला. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी गेटवर गेली तर गेटला कुलूप. बाबांच्या हातात अक्षतांची वाटी तशीच होती. कारखाना पुन्हा उघडला नाही.

नोकरी काय, सगळ्यांचीच गेली. बाबांनी खारघरच्या एका टॉवरवर वॉचमनची ड्युटी धरली, मला इंजिनियर केलं आणि कधी कुरकुर केली नाही. उत्तरपूजा मात्र त्यांना सलत राहिली. "देव बसवला नी आमी निघून आलो. असं करतं का कोन?" एवढंच म्हणायचे. दरवर्षी दसऱ्याला ताटावर बसायचे आणि दोन घास खाऊन उठायचे. आईने श्रीखंड केलेलं असायचं, ती चिडायची. "अहो, लोखंड ते. लोखंडाला कसली पूजा नि कसलं काय?" चिडून झालं की तीही जेवायची नाही.

मी आता जर्मनीत असते, कोळशाच्या जुन्या खाणींच्या गावात. खाणी केव्हाच बंद पडल्या. एका खाणीचं म्युझियम झालंय, शेजारी कॅफे आहे, हिवाळ्यात स्केटिंग असतं. वीकेंडला लेकीला घेऊन मी तिथे जाते. म्हातारे खाणकामगार डोक्यावर हेल्मेट घालून माहिती सांगतात, पोरांची चेष्टा करतात. तिथे बसून कॉफी पिताना नेहमी वाटायचं, आपल्याकडे हे का सुचत नाही कुणाला?

म्हणून कॉलनीच्या ग्रुपवर आपल्या बंद कारखान्याचं पर्यटनस्थळ करायचा आराखडा आला तेव्हा मी हरखूनच गेले. नदीकाठाने फिरायची वाट, कयाक, कँटीनच्या जागी कॅफे, क्वार्टर्समध्ये 'हेरिटेज स्टे' आणि मशीन हॉलमध्ये संग्रहालय. कुणीतरी लिहिलं, ज्या खोलीत आपण कूस बदलायला भांडायचो, तिथे आता लोक पैसे देऊन झोपणार. सगळे पोट धरून हसलो. गावातल्या पोरांना कामं तरी मिळतील, असंही कुणी म्हणालं आणि ते खरंच होतं. मी बाबांना फोनवर सगळा आराखडा वाचून दाखवला. ते म्हणाले, "हॉल उघडनार ना?"

मागच्या दसऱ्याला हॉल उघडला. मी मुद्दाम रजा काढून आले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, हळदकुंकू आणि अक्षता पिशवीत घेतल्या. आईचे गुडघे दुखत होते, ती घरीच थांबली. करंजाड्यापासून आपट्यापर्यंत रिक्षात बाबांनी ती पिशवी मांडीवर धरून ठेवली होती.

बाकीची यंत्रं भंगारात गेली होती. बाबांचं मशीन होतं. घासून रंगवलेलं, भोवती दोरी बांधलेली. आणि रुळावर, काचेच्या पेटीत, तो हार होता. झेंडूची फुलं काळी पडून दोऱ्याला चिकटली होती. खाली पाटी होती, 'शेवटचा दसरा'. लोक फोटो काढत होते.

बाबा तिथल्या मुलीला म्हणाले, "हा हार मी घातलाय. आज उतरवायचा हाय."

तिने तिच्या सरांना बोलावलं. माणूस भला होता. त्याने बाबांना वाकून नमस्कार केला, खुर्ची मागवली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, लोक हा हार बघायलाच येतात हो. तोच काढला तर आम्ही दाखवायचं काय?" थोडा विचार करून तो खुलला. "आपण असं करू. दर शनिवारी तुम्ही या आणि पाहुण्यांसमोर उत्तरपूजा करा. नवा हार आम्ही आणू, तुम्हाला मानधनही देऊ."

तो मनापासून बोलत होता. मला मात्र ते हेल्मेटवाले म्हातारे आठवले. त्यांचं खाणीत काय राहून गेलं होतं, हे मी इतक्या वर्षांत त्यांना विचारलं नव्हतं. मला तिथेच रडू फुटलं.

"दर शनवारी देव उठवायचा नी परत बसवायचा?" बाबा म्हणाले. "नाय जमनार, सायेब."

रागावले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, दोरीच्या अलीकडे उभे राहिले आणि तिथूनच हळदकुंकू, अक्षता वाहिल्या. थोड्या अक्षता काचेवर वाजून खाली पडल्या. एका बाईंनी आपल्या मुलाला बाजूला घेतलं.

उत्तरपूजेच्या शेवटी 'पुनरागमनाय च' म्हणतात, पुन्हा या म्हणून. घरी गणपतीला म्हणतात, तसंच कारखान्यातही बाबा मोठ्याने म्हणायचे आणि सगळी पाळी त्यांच्यामागून म्हणायची. मी वाट बघत होते. बाबांनी हात जोडले, डोळे मिटले आणि चपला घालायला वळले.

"बाबा, शेवटचं म्हणायचं राहिलं."

"राहिलं नाय, बाय," ते म्हणाले. "कोनाला बोलवू परत?"

निर्माल्य तिथेच काचेत राहिलं. आम्ही घरी आलो. त्या दिवशी बाबा पोटभर जेवले. आई एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत वाढत होती.

इथे जर्मनीत कुणी विचारलं, तुझं गाव कुठलं, तर इतकी वर्षं मी आपल्या कॉलनीचंच नाव सांगत आले. परवा लेकीच्या शाळेत एका बाईंनी विचारलं आणि माझ्या तोंडून करंजाडे निघून गेलं. लेकीने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी ते दुरुस्त केलं नाही.