उजवं पान

नैरोबीच्या वरच्या अंगाला, करातिना गावातल्या शवागाराच्या फाटकासमोर तीन दुकानं आहेत. पहिलं थेउरीचं, पेट्यांचं. दुसरं फुलांचं. तिसऱ्यात झेरॉक्सचं मशीन, आणि मशीनच्या मागच्या खोलीत शेगडीपाशी न्यागुथीबाई.

"बाई, तुमचा-माझा धंदा एकच," थेउरी रंधा मारता मारता म्हणायचा. "माणसाला मापात बसवायचं. पाय बाहेर आले तर जरा दुमडायचे."

बाई हसायच्या नाहीत, पण त्याला आत बोलावून चहा द्यायच्या.

तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि मयताची चरित्रं लिहायला लागल्या. सोमवारी माणसं यायची, शुक्रवारी पुरायचं असायचं. बुधवारपर्यंत पुस्तिका छापून हवी. वर रंगीत फोटो, आत जन्म, शाळा, बाप्तिस्मा, नोकरी, आजारपण. मग 'पत्नीचे दोन शब्द', 'थोरल्या मुलाचे मनोगत', 'नातवंडांचा निरोप'. सगळं एकाच हातचं. खाली नाव कुटुंबाचं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं, कारण प्रत्येकाच्या घरात एखादं तरी चरित्र बाईंचं होतं.

बाईंची एक रीत होती. शाळेची दोनशे पानी वही घ्यायची. डाव्या पानावर लिहायचं ते, उजव्या पानावर गाळायचं ते. "आधी काय झाकायचं ते सांगा," त्या म्हणायच्या. "मला माहीत नसलं तर चुकून लिहिलं जाईल."

हे ऐकून माणसं सैल व्हायची. दारू, मारहाण, ज्या मुलाने झाडाला लटकून घेतलं तो मुलगा, सगळं उजव्या पानावर येऊन पडायचं. बाई ते पोटात ठेवायच्या. खरं तर लोक त्याचेच पैसे देत. लिहिणारे काय, सायबर कॅफेतही बसतात.

जुलैतल्या एका धुकट सोमवारी न्देग्वा आपल्या आईला घेऊन आला. वडील, गिचोही, चहाच्या पानांच्या खरेदी केंद्रावर मुकादम होते, रक्तदाबाने गेले. न्देग्वाची आई हातरुमालाची घडी उलगडत, परत घालत बसली.

"काय झाकायचं?"

न्देग्वाने आईकडे पाहिलं. आईने शेगडीकडे.

"नदीकडे एक बाई आहे," शेवटी तीच म्हणाली. "वामुयू. दोन पोरी. अर्धा एकर काढून दिलाय तिला ह्यांनी. केळी लावलीत, दोन खोल्या आहेत. कागद नाहीत."

"किती वर्षं?"

"तेरा. नाव नको तिचं. पोरींचंही नको."

"पोरींची नावं काय?"

"नको म्हटलं ना, बाई."

"गाळायला तरी कळली पाहिजेत."

"थोरली वाचेरा. धाकटीचं मला ठाऊक नाही."

बाईंनी सगळं उजव्या पानावर लिहून घेतलं. मग डाव्या पानावर आल्या. पत्नीचे दोन शब्द हवे होते. न्देग्वाच्या आईला काही सुचेना.

"चहात साखर फार लागायची," ती म्हणाली. "तीन चमचे. डॉक्टर ओरडायचा."

एवढ्यावरून बाईंनी पानभर मजकूर उभा केला. त्यातलं एक वाक्य लिहून झाल्यावर त्यांना स्वतःलाच बरं वाटलं: 'एकतीस वर्षं मी त्यांच्या चहात साखर घालत आले, ते माप ह्या जगात माझ्याशिवाय कोणाच्याच हाताला ठाऊक नव्हतं.'

शुक्रवारी तंबूखाली सुनेने ते वाचलं तेव्हा बायका रुमालाआड नव्हे, उघड रडल्या. टेकडीवरचा सरकारी अंमलदार चीफ करीथी, त्यानेही चष्मा काढून पुसला. न्देग्वाची आई मात्र दुसऱ्याच कोणाची गोष्ट ऐकावी तशी ऐकत होती. माती टाकायला पहिली तीच उठली. एकटीच. कुंपणापलीकडे एक बाई दोन मुलींचे हात धरून उभी होती. तिला कोणी आत बोलावलं नाही, हाकललंही नाही.

तीन आठवड्यांनी तीच बाई झेरॉक्सच्या मशीनमागे येऊन उभी राहिली.

"बसत नाही," वामुयू म्हणाली. "महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायला सांगितलंय. सोमवारी चीफ वारसांच्या यादीचं पत्र देणार. त्यात माझ्या पोरी नसल्या तर कोर्टात आम्हाला कोण विचारतंय?"

"शेजारपाजार आहे की. सांगतील."

"शेजाऱ्यांची चहाची पानं न्देग्वाच्या ट्रकमधून जातात, बाई. त्यांना आताच मी दिसेनाशी झालेय." तिने टेबलाकडे पाहिलं. "त्या लोकांनी तुम्हाला माझं सांगितलं असणार. तुम्ही लिहून घेता म्हणे. सांगितल्याशिवाय इतकं सफाईनं वगळता येत नाही."

"तसली वही नाही माझ्याकडे."

"बरं," वामुयू म्हणाली आणि गेली. भांडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं.

वही टेबलाच्या खणात होती. रविवारी प्रार्थनेहून आल्यावर बाईंनी ती उघडली. डाव्या पानावर वर लिहिलं होतं: गिचोही, आईचं नाव वाचेरा. समोरच्या उजव्या पानावर: थोरली वाचेरा. लिहिताना त्यांनी पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे बाप पहिल्या मुलीला आपल्या आईचं नाव देतो, आणि दिलं की ती पोर घरात घेतली. मग कागद असो नसो.

धंदा बसणार हे बाईंना कळत होतं. एकदा उजवं पान बाहेर गेलं की कोण येऊन पोट मोकळं करणार? पेन्शनमध्ये एकटीचं भागलं असतं. पण नातीची नर्सिंगची फी ह्याच खोलीतून जात होती. त्यांनी मका-घेवड्याची गिथेरी गरम केली, खाल्ली नाही, झाकून ठेवली. सोमवारी सकाळी वही पिशवीत घालून त्या आधी नदीकडे गेल्या आणि वामुयूला म्हणाल्या, "चल. थोरलीला बरोबर घे."

चीफ करीथीच्या टेबलावर गिचोहीच्या कागदांची फाइल होती. वारसदारांच्या अर्जाला चरित्राची पुस्तिका टाचलेली; तशी सगळेच टाचतात. त्याने वही घेतली, उजवं पान वाचलं. मग पुस्तिका उघडून दोन्ही शेजारी ठेवली.

"हे कोणी लिहिलं, बाई?"

"मी. न्देग्वाच्या आईने सांगितलं तसं."

"तिची सही आहे का?"

"अशा पानावर कोण सही करतं?"

"आणि हे?" त्याने पुस्तिकेवर बोट ठेवलं.

बाईंनी पुस्तिकेवरच्या रंगीत फोटोकडे पाहिलं.

"तेही तुम्हीच. मग मी तुमचं कुठलं खरं धरू? ह्यात तुम्ही म्हणता बायको एक. ह्यात म्हणता दोन."

"पुस्तिकेतलं मला लिहायला सांगितलेलं आहे."

"हेही सांगितलेलंच म्हणताय की." करीथीचा आवाज चढला नव्हता. "माझ्या आईच्या वेळी तुम्ही लिहिलंत, शेवटच्या दिवशी ती माझं नाव घेत होती. आठ महिने तिची वाचा गेली होती. मी नैरोबीत होतो. मीच तुम्हाला म्हणालो, असं काहीतरी लिहा. लोक अजून मला ते सांगून रडतात. म्हणून म्हणतो, बाई, तुमच्या लिहिण्याचं मला नका सांगू."

"ह्या पोरीचं नाव वाचेरा आहे," बाई म्हणाल्या. "गिचोहीच्या आईचं. ते तरी मी ठेवलेलं नाही."

करीथीने मुलीकडे पाहिलं. मुलगी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती.

"ह्या टेकडीवर दोनशे वाचेरा असतील," तो म्हणाला, आणि वही मिटून परत दिली.

पत्र त्याच दुपारी निघालं, पोरींच्या नावांवाचून. बाईंनी वही दाखवल्याची बातमी त्याच्याही आधी बाजारात पोचली होती. पुढच्या सोमवारी शवागारात चार मयतं होती. चारी घरची माणसं थेउरीकडून पेटी ठरवून झेरॉक्सच्या दुकानावरून सरळ सायबर कॅफेत गेली. तिथे तयार मजकूर असतो, फक्त नाव बदलायचं. थेउरीने बाईंकडचा चहा घेणं सोडलं नाही, पण आता कप बाहेरच उभ्याने संपवायचा.

महिनाअखेरीला बाई नदीकडे गेल्या. केळी अजून उभी होती. वामुयूने दोन खोल्यांतलं सामान तीन पोत्यांत बसवलं होतं. लांब मोलो गावाकडे तिची मावशी होती, बटाट्याच्या शेतात काम मिळेल म्हणाली होती. बाईंनी एका पोत्याचं तोंड धरलं. वामुयूने सुतळी बांधली.

"वही दिलीत, ते मोठं केलंत," ती म्हणाली. "मी विसरणार नाही."

"उपयोग काय झाला."

वामुयूने गाठ दाताने ओढून घट्ट केली. मुली रस्त्याकडे गेल्या होत्या, प्रवासी मटाटू गाडी दिसतेय का बघायला.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"साखर तीन चमचे. तेरा वर्षं मीही घालत होते." तिने दुसरं पोतं ओढून घेतलं. "पण त्या दिवशी कुंपणापाशी ऐकताना मलासुद्धा वाटलं, ते माप मला माहीतच नव्हतं. इतकं चांगलं कशाला लिहिलंत?"

बाईंनी दुसऱ्या पोत्याचं तोंड धरलं.