दुसरा सॅक्सोफोन

केरबातात्यांनी तिसऱ्या गाण्यावरच हेडफोन काढला. "पावणं, ह्यात माझं पोरगं न्हाय," ते म्हणाले.

राजारामपुरीत माझं कॅसेटवरून सीडी करून देण्याचं दुकान होतं. दोन हजार सालानंतर त्याला बरकत आली. लोकांना अचानक जुनी डिस्को आणि पॉप गाणी आठवू लागली होती आणि घरोघरचे टेप मोडीत गेले होते. तात्या गगनबावड्याहून एकच कॅसेट घेऊन आले होते. त्यांचा मुलगा लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. दोन वर्षांपूर्वी बँडच्या टेम्पोला अपघात झाला, त्यात तो गेला. "त्येची एवढीच कॅसेट हाय. घरचा टेप मोडलाय," एवढंच तात्या बोलले होते.

तिकडच्या पावसात टेपला बुरशी धरते. ती डेकच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला चिकटते आणि तिथून पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटला लागते. मी टेपवरची बुरशी पुसून ती लावली. विदेशी डिस्को, पॉप, थोडं संथ जॅझ. सगळी गाणी ओळखीची. पण प्रत्येकात मागे आणखी एक सॅक्सोफोन, कच्चा, जरा उशिरा येणारा. वापरलेल्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग केलं की आधीचं कधीकधी पुरतं पुसलं जात नाही. मी तोच बिघाड धरला. तीच गाणी माझ्याकडे स्वच्छ होती, ती सीडीवर घातली. बुरशीची कॅसेट दुकानात ठेवायची नाही हा माझा शिरस्ता, म्हणून ती कचऱ्यात टाकली. वर स्वतःवर खूश झालो.

"तुमचा मुलगा गाण्याबरोबर वाजवायचा का?" मी विचारलं.

"व्हय की. डेकवर गाणं लावायचा, संगं वाजवायचा, दुसऱ्या टेपवर भरून घ्यायचा. बँडात त्येचा एकट्याचा आवाज कुठला कळतोय?"

"मला वाटलं, टेप खराब आहे."

"शिकत हुता त्यो. चुकायचाच." तात्यांनी हात पुढे केला. "कॅसेट द्या माघारी."

खोटं बोलायचं मनात आलं. बोललो नाही. कचऱ्याची गाडी चार दिवसांपूर्वीच येऊन गेली होती. तरी आम्ही दोघं कचरा टाकायच्या कोंडाळ्यापर्यंत गेलो. तात्यांनी काठीने ढीग उपसला, मी हाताने. काही मिळालं नाही.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "म्हातारीला काय सांगू आता," एवढं म्हणून ते एस्टी धरायला गेले. सीडी काउंटरवरच राहिली.

दुकान पुढे सहा वर्षं चाललं. आवाज स्वच्छ करण्यात माझा हात धरणारा गावात कोणी नव्हता. फक्त कॅसेट हातात घेतली की आधी विचारायचो, यात तुम्हाला नक्की काय ऐकायचंय? विचारायला दोन मिनिटं लागतात. तात्या कॅसेट घेऊन आले त्या दिवशी दुकानात दुसरं गिऱ्हाईकही नव्हतं.