गंगाधररावांच्या हजेरीच्या चिठ्ठ्या

नवा माणूस आला की गंगाधरराव पहिल्याच दिवशी त्याला चहा पाजत आणि कप खाली ठेवायच्या आत विचारत, "कागद मिळाला का?" मिळालेला नसे. नारायणगुड्यातल्या आमच्या छापखान्यात नेमणूकपत्र कुणालाच देत नसत. मग म्हणत, "हौ, मग आपणच करू थोडं. दर महिन्याला माझ्याकडून चिठ्ठी न्यायची. नक्को म्हणायचं नाही."

ते टाइमकीपर होते. घराणं परभणीकडचं, पण तीन पिढ्या हैदराबादेत गेलेल्या. महिनाअखेरीस प्रत्येकाला हातानं लिहून देत: नाव, कामाला लागल्याची तारीख, भरलेले दिवस, खाली सही. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की माणसाला सहजासहजी काढता येत नाही, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं. मालकांनाही ते ठाऊक होतं, म्हणून नववा महिना सरायच्या आत नव्या माणसाला घरी पाठवत. प्रूफं तपासायला लागल्यावर माझीही तीच पाळी आली. गंगाधररावांनी चिठ्ठ्या जुळवल्या आणि हळूच म्हणाले, "पगारी रविवार धरून दोनशे त्रेचाळीस होतात, मियाँ. जाऊन दाखवा." मी राहिलो.

मग नवे कामगार कायदे लागू झाले आणि प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं मालकांना भाग पडलं. इतरांची पत्रं गंगाधररावांनी ओळ न् ओळ वाचून वाटली. स्वतःचं मात्र माझ्यापुढे धरलं. "सव्वीस वर्षांनी आलं बघा. माझे डोळे भरतायत, तुम्हीच वाचा." मी वाचलं, ठीक आहे म्हणालो. त्यांनी सही केली. रुजू झाल्याची तारीख म्हणून त्यात त्याच दिवसाची तारीख होती. ती पत्राचीच तारीख समजून मी पुढे गेलो होतो. खाली सहा महिन्यांचा परीक्षाकाळही होता. ते छापील कलम सगळ्यांनाच असेल असं मला वाटलं.

पाचव्या महिन्यात त्यांना काढलं. परीक्षाकाळातलं काम असमाधानकारक, असं कारण दिलं.

लेबर ऑफिसात साहेबांनी सव्वीस वर्षांचा पुरावा मागितला. जुनी हजेरीपुस्तकं वाळवीनं खाल्ली, असं छापखान्यानं आधीच लिहून दिलं होतं. "तुमच्या चिठ्ठ्या नाहीत?" साहेबांनी विचारलं. गंगाधरराव ओशाळून हसले. "माझी हजेरी मीच कशी लिहून घेऊ, साहेब?"

घरी येऊन मी माझ्या चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येकीवर त्यांची सही होती, तारखेसकट. म्हणजे त्या दिवशी ते तिथं होते. मग जुन्या माणसांकडे फिरलो. एक तारनाक्याला निवृत्त होऊन बसलेला, एक बेगम बाजारात मसाल्याच्या दुकानात. बहुतेकांनी चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या.

तोवर गंगाधरराव दवाखान्यात होते. त्यांनी गठ्ठा चाळला. "अक्षर बरं होतं की माझं," म्हणाले. मी तारखेच्या चुकीबद्दल बोलू लागलो तर हात हलवून थांबवलं. "ते जाऊ द्या. बाइंडिंगला ती नवी पोरगी आलीय, रझिया. तिला या महिन्याची चिठ्ठी कुणी दिली?"

कुणीच दिली नव्हती.

पुढच्या तारखेआधीच ते गेले. खटला आता त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, चालवतात. तारखा पडत राहतात, आणि दर तारखेला मी तो गठ्ठा पिशवीत घालून नेतो.

महिनाअखेरीस मी रझियाला चिठ्ठी लिहून दिली. मग कोरा कागद तिच्यापुढे सरकवला.

"हे कुणासाठी, सर?"

"माझ्यासाठी," मी म्हणालो. "मी किती दिवस आलो ते लिही. खाली तुझी सही कर."