देवाच्या खडकावरचं दगडफूल

दगड फोडायला राग लागतो, आणि तो माझ्याकडे मुबलक आहे. साताऱ्याच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी दगडफुलं गोळा करत हिंडतो. मसाल्यात घालतात ते दगडफूल हातानं सुटून येतं. मी ज्यांच्या मागे असतो ती रंग फासल्यासारखी खडकाला चिकटलेली असतात. ती हवी तर छिन्नी लावून खडकासकट उडवावी लागतात.

माण तालुक्यातल्या एका उघड्या माळावर काळ्या खडकावर असाच एक राखाडी चट्टा दिसला, कडेला किंचित पिवळसर. सात-आठ घावांत तळहाताएवढी कपची निघाली. खडकाचं काय झालं, हे मी वळून बघितलंही नाही.

प्रयोगशाळेत ब्लेडनं चट्ट्याचे काप काढले. बीजाणू अगदी साध्या, कुठंही सापडणाऱ्या जातीचे होते. पण जात ओळखायच्या नेहमीच्या चाचणीसाठी पोटॅशचा थेंब टाकला आणि कड लालभडक झाली. त्या साध्या जातीचा रंग पोटॅशनं बदलत नाही, पुस्तकं तसं ठामपणे सांगतात. म्हणजे ही नवी जात! वीस वर्षं मी दुसऱ्यांनी शोधलेल्या जातींना लेबलं चिकटवत आलो होतो. प्रयोगशाळेतून बाहेर येऊन मी बायकोला फोनवर ओरडून सांगितलं, "सापडली!" मनात तिचं नावही ठेवून झालं. फक्त एका नमुन्यावर भागत नाही, दुसरा हवा होता.

पुढच्याच रविवारी मी पुन्हा त्या खडकावर छिन्नी टेकवली, आणि छिन्नी धरलेल्या डाव्या मनगटावर काठी बसली.

"देव फोडतूस व्हय रं?"

मागे एक म्हातारा मेंढपाळ उभा होता. काठी दुसऱ्यांदा आली ती पाठीत. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला होता. पुढं मी काय केलं ते लपवण्यात अर्थ नाही. उजव्या हातातला हातोडा मी त्याच्या उजव्या खांद्यावर घातला. तो गुडघ्यांवर आला, तरी मी हातोडा पुन्हा उचलला. हा माणूस माझी नवी जात हिसकावून घेतोय, एवढंच डोक्यात होतं. म्हातारा पुढं सरकला आणि खडकावर आडवा पडला. त्यानं डोकं झाकलं नाही, खडकाची फुटलेली जागा झाकली. तेव्हा कुठं माझा हात खाली आला.

"हा कसला देव? ना शेंदूर, ना घंटा!" मी अजून ओरडतच होतो.

"आमच्या या देवाला शेंदूर चालत न्हाई," तो धापा टाकत म्हणाला. "भंडारा लागतो. मागल्या महिन्यात जत्रा झाली, लय उधळला." त्यानं शेजारच्या खाचेत बोट फिरवून मला दाखवलं. बोट पिवळं झालं होतं.

हळद. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आमच्या घरात पोराटोरांनाही ठाऊक आहे. पोटॅश चुन्याचाच भाऊ.

मी त्याला गाडीत घालून दहिवडीला दवाखान्यात नेलं. गाडी एका हातानंच हाकली. तक्रार त्यानं केली नाही, मीही नाही. सोमवारी हाताला प्लास्टर घालून प्रयोगशाळेत गेलो, घरच्या डब्यातली चिमूटभर हळद काचेवर ठेवली आणि वर पोटॅशचा थेंब टाकला. तोच लाल रंग. माझी नवी जात तिथंच मेली आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दीड-दोन महिन्यांनी कपची परत घेऊन माळावर गेलो. म्हातारा तिथंच मेंढरं चारत होता. कपची फुटलेल्या जागी बसेना. नमुन्याच्या पाकिटात मावावी म्हणून मीच तिच्या कडा हातोड्यानं उडवल्या होत्या. म्हाताऱ्यानं ती इकडून तिकडून लावून बघितली. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"चुकलो, बाबा," मी म्हणालो.

त्यानं कमरेची भंडाऱ्याची पिशवी डाव्या हातानं सोडली आणि माझ्यापुढं धरली.

"उजवा उचलत न्हाई आता," तो म्हणाला. "अन् देवाला डावा चालत न्हाई. सर, तुमीच लावा."

माझा उजवा हात धडधाकट होता. मी चिमूटभर भंडारा घेतला आणि फुटलेल्या जागी लावला.