उणे भागिले उणे

शीतगृहातल्या बायका तिला थोरली म्हणत. मासळीची खोकी उचलून रचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण मुकादम व्हायचं तर दहावी पास लागे, आणि तिची शाळा सातवीतच सुटलेली. पन्नाशीला टेकल्यावर तिने बाहेरून परीक्षेला बसायचं ठरवलं.

"आई, आता या वयात?" मुलगा हसला.

सून हसली नाही. ती शिकवण्या घेत असे. तोवर दोघींचं सख्य विळ्याभोपळ्याइतकंच, तरी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर सासूसाठी जागा केली.

गाडी अडली ती ऋण संख्यांच्या भागाकारावर.

"चिन्हं सारखी असली की उत्तर धन, वेगळी असली की ऋण," सून म्हणाली.

"पाठ आहे गं ते. पण दोन्ही उणे, मग उत्तर अधिक कुठून आलं?"

"नियमच आहे तो, आई."

"असेल. माझ्या डोक्यात शिरत नाही." ती उठली आणि भांडी घासायला लागली, जरा जास्तच आवाज करत.

सुनेने पेन खाली ठेवलं. मग तिने विचारलं, "मशीन चालू केलं की तुमची ती मासळीची खोली एकदम गार होते का?"

"छे. तासाला तीन अंश उतरते."

"म्हणजे उणे तीन. मग शून्यावरून उणे अठरावर जायला?"

"सहा तास," ती पाठमोरीच म्हणाली.

"उणे सहा नाही?"

नळ बंद झाला. "तास कसे उणे होतील? वेळ पुढेच गेला ना."

"मग उणे अठरा भागिले उणे तीन किती?"

ती ओल्या हातांनीच खुर्चीवर बसली. "सहा. अधिक सहा." मग स्वतःशीच पुटपुटली, "आणि उणे अठराला सहा तासांनी भागलं, तर तासाला उणे तीन. खोली खालीच चाललीय." तिने सुनेकडे पाहिलं. "हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"मला तरी कुठे सुचलं होतं?" सून म्हणाली, आणि दोघींना हसू फुटलं.

गणित सुटलं, दांडी उडाली ती इंग्रजीत. निकालाच्या दिवशी ती जेवली नाही. सुनेने समजूत घातली नाही, नुसतं ताट झाकून ठेवलं. फेरपरीक्षेत इंग्रजीही निघालं, पण तोवर मुकादमाची जागा दुसरीला गेली होती. पुढची जागा निघाली, ती मात्र तिलाच मिळाली.

सुनेचं कौतुक तिने तोंडावर कधी केलं नाही. पण शेजारीण सुनेबद्दल काही वाकडं बोलू लागली की ती म्हणे, "मास्तरीण आहे ती माझी," आणि विषय तिथेच तोडे.