तिसरी आंघोळ

टाकीमामांना खरं नाव होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर यायचं. बाकी साऱ्या वस्तीला ते टाकीमामा. घराघरांतल्या संडासाच्या टाक्या बांधायच्या, तुंबल्या की मोकळ्या करायच्या, फुटल्या की सांधायच्या, हा त्यांचा धंदा. टाकी सुरळीत चालते तोवर मामा रस्त्यात दिसले तर लोकांची मान दुसरीकडे, आणि तुंबली की मात्र "मामा, जेवलात का, तब्येत काय म्हणते?" मामांना त्याचं काही वाटत नसे. ते म्हणत, डॉक्टरकडे तरी कोण हौसेने जातं?

या धंद्यात हत्यारं थोडी. लांब बांबू, पहार, दोरीची बादली आणि नाक. झाकण बोटभर सरकवलं की मामा सांगायचे, आंबटसर मातकट वास आहे, म्हणजे टाकी ठणठणीत आहे. सडक्या अंड्यांचा वास आला तर आत गॅस धरलाय, सगळे लांब व्हा. गाळ उपसायला येणारा टँकरवाला त्यांचा जुना दोस्त. तो म्हणायचा, "मामा, हे नाक अत्तराच्या दुकानात जायचं, चुकून तुमच्याकडे आलं."

गेल्या वर्षी मामांना ताप आला आणि जाताना हे नाक घेऊन गेला. हळूहळू ताकद परत आली, भूक परत आली, वास काही आला नाही. मामांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. टँकरवाल्याला कळलं असतं तर त्याने त्यांना झाकणाजवळ फिरकू दिलं नसतं, आणि झाकणाजवळ फिरकायचं नाही तर मग करायचं काय, हा प्रश्न मामांना छळायचा. शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. झाकण सरकवलं की टाकीकडे बघायचंच नाही, टँकरवाल्याच्या तोंडाकडे बघायचं. त्याच्या नाकपुड्या नुसत्या हलल्या तर कामाला लागायचं. रुमाल वर गेला तर झाकण उघडं टाकायचं आणि दोघांनी चहाला निघून जायचं. टँकरवाल्याचं तोंड इमानी होतं, त्यामुळे युक्ती चालली. आणि ती इतकी छान चालली म्हणूनच घरात घोटाळा झाला.

सूनबाई दवाखान्यातून मुलीला घेऊन घरी आली तेव्हा मामांना आभाळ ठेंगणं झालं होतं. पोराचा माळ्यावर पडलेला लाकडी पाळणा त्यांनी स्वतः घासून, रंगवून तयार ठेवला होता. पण बाळ पडलं मुठीएवढं. ते बघून मामाच भ्याले. "जरा मान धरू दे, मग घेतो," म्हणाले, आणि रोज लांबूनच तिला वाकुल्या दाखवत राहिले.

मग एका संध्याकाळी धीर करून त्यांनी हात पुढे केले. नेहमीप्रमाणे फाटकाजवळच्या मोरीवर हातपाय खसखसून धुतले होते, कपडे बदलले होते. सूनबाई खिडकीशी बाळाला घेऊन उभी होती. ती वळली आणि तिच्या नाकपुड्या आक्रसल्या. ओढणीचं टोक वर गेलं. मामा वर्षभर एकच विद्या शिकले होते, तोंड वाचायची. त्यांनी हात मागे घेतले. "राहू दे, झोपलीय ती," म्हणाले, आणि अंगणात जाऊन उगाचच बांबू पुसत बसले.

मामांना फार लागलं. सूनबाईचा राग नाही आला. राग यावा असं तिने केलंच काय होतं? आपल्या अंगाला वास येतो, आणि तो आपल्यालाच कळत नाही, याची त्यांना लाज वाटली. आधी निदान कळायचं तरी. दुसऱ्या दिवसापासून मोरीवरच्या धुण्यानंतर ते घरातल्या न्हाणीत पुन्हा आंघोळ करू लागले. तरी सूनबाईचं नाक आक्रसतच होतं. मग तिसरी आंघोळ सुरू झाली, तीही पाण्यात फिनेल टाकून. कातडी पांढरी पडली, कोपरं सोलवटली. नाक काही सरळ होईना. उलट दिवसेंदिवस ओढणी आणखी लवकर वर जाऊ लागली. मामांनी बाळाच्या खोलीत पाऊल टाकणं सोडलं. मागच्या अंगणात तिची दुपटी वाळत असायची, तर तिकडेही फिरकेनात.

या घरात एक नियम होता. लग्न झाल्या झाल्या मामींनी सांगितलं होतं, "टाकीचा विषय फाटकाबाहेर ठेवायचा. घरात मला त्यातला शब्द नको." मामांनी तो इतका मनावर घेतला की गिऱ्हाइकांना घसा कोरडा होईस्तोवर ज्या गोष्टी सांगायचे, त्यातली एकही घरात कधी बोलले नाहीत. आणि घरातलीही टाकीबद्दल मामांशी बोलत नसत. पोराला तर स्वतःच्या चपला कुठे आहेत हेही विचारावं लागे.

एका दुपारी काम लवकर आटोपून मामा तिसरी आंघोळ करत होते. पाणी ओतलं की न्हाणीच्या भोकातून गुळगुळ आवाज यायचा आणि निम्मं पाणी पायाशी परत यायचं. दुसऱ्याच्या घरात हा आवाज ऐकला असता तर मामा टुणकन उडाले असते. पण इथे त्यांचं सगळं लक्ष कोपर घासण्यात होतं.

बाहेर आले तर दाराशी सूनबाई, खांद्यावर बाळ. डोळे लाल.

"बाबा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"तुम्हाला मुलगा हवा होता का?"

मामांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "असं कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? एकदा तरी घेतलंत का तिला? मी आले की तुम्ही उठून जाता, आणि येऊन आंघोळी काय करता. एवढा विटाळ वाटतो का तिचा?"

असल्या गोष्टीचा असाही अर्थ निघेल हे मामांच्या ध्यानीमनी नव्हतं. "अगं, आंघोळी तुझ्यासाठी करतोय," ते म्हणाले. "मी आलो की तू नाक दाबतेस. मला दिसतं ना."

"तुमच्यामुळे?" सूनबाई बघतच राहिली. "तुम्हाला तर नुसत्या फिनेलचा वास येतो. नाक मी घराच्या वासामुळे दाबते. मागून येतो, झाकणाकडून. तुम्ही आंघोळ केलीत की जास्तच. मी आईंना म्हणाले, तर त्या म्हणाल्या, त्यांचा जन्म गेला यात, त्यांना कळलं नसेल का? आणि विषय काढू नकोस."

मामा तिथेच पायरीवर बसले. मग वर्षभर दाबून ठेवलेलं वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"मला वास येत नाही गं. ताप आला तेव्हापासून. कसलाच नाही."

सूनबाई शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आणि असेच टाक्या उघडता? आधी टँकरवाल्या काकांना बोलवा. त्यांना सांगितल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही."

टँकरवाला आला. मामांनी चाचरत सांगितलं. तो पाइप जोडता जोडता म्हणाला, "मला काय आज कळतंय? झाकण सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसायला मी काय नवरी आहे? म्हणून तर रुमाल एवढा नाटक करून वर नेत होतो." मग आवाज उतरवून, "आता तोंडाने सांगत जाईन. पण तुम्हीही विचारत जा."

मागच्या अंगणात झाकणाभोवतीची जमीन ओली होती आणि तिथलं गवत बाकीच्यापेक्षा हिरवंगार होतं. दुसऱ्याच्या परसात मामांनी हे फाटकातूनच ओळखलं असतं. घरची टाकी बांधताना न्हाणीचं पाणीही त्यांनी त्यातच सोडलं होतं, कारण जागा नव्हती. लोकांना मात्र तसं करू नका म्हणून बजावायचे. मामांची एकेक आंघोळ त्या टाकीत भर घालत होती. झाकण काढून, हवा खेळू देऊन मामांनी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी बांबू घातला. वर आला तो पांढऱ्या, चिवट कापडी तुकड्यांचा लगदा घेऊन. बाळाला पुसायचे ओले वाइप्स.

सूनबाईचा चेहरा पडला. "मी टाकत होते संडासात. मला वाटलं, कागद आहे, विरघळेल."

"तुला कुणी सांगितलं होतं का, टाकू नकोस म्हणून?"

"नाही."

"सगळ्या गावाला सांगतो मी. घरातच तेवढं सांगितलं नाही." मामा मामींकडे वळले. मामी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "आता बोलायचं का घरात?"

"बोला," मामी म्हणाल्या. "जेवताना नको फक्त."

टाकी उपसली, पाइप धुतला, जमिनीवर कोरडी माती पडली. मामांनी आंघोळ केली, एकच, साध्या साबणाने. मग दाराशी येऊन शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात पुढे करून उभे राहिले. "बघ बरं."

सूनबाईने तळवे हुंगले, खांद्याशी नाक नेलं. "साबण," ती म्हणाली, "आणि तुम्ही." आणि बाळ त्यांच्या हातांत ठेवलं.

मामा खुर्चीत बसले. बाळाने त्यांच्या सोलवटलेल्या कोपराला गाल टेकवला. पोरगा एवढा होता तेव्हाचा त्याच्या टाळूचा वास मामांना अजून आठवत होता. त्यांनी वाकून तिच्या टाळूशी नाक नेलं. काहीच आलं नाही.

"कसला वास येतो हिला?"

"दुधाचा. ऊबदार." सूनबाईने तिच्या कानाशी नाक नेलं. "आणि कानामागे थोडा आंबट, दूध ओघळतं ना तिथे."

मामांनी मान हलवली. डोळे भरून आले होते, पण हात गुंतलेले, पुसणार कसे? तसेच बसून राहिले. एवढ्यात त्यांनी सहज वर पाहिलं, तर सूनबाईच्या नाकपुड्या आक्रसल्या होत्या आणि ओढणी वर चालली होती.

या वेळी मामा उठून गेले नाहीत. बाळाला आणखी जवळ घेऊन म्हणाले, "आण कोरडं दुपटं इकडे. हे काम माझं आहे."